युरियाची टाकी भरलेली, तरी घोडा कसाऱ्याला बसला : एका डॅशबोर्डचं प्रकरण

गाडी २०२१ ची, बीएस-६ (म्हणजे धूर साफ करायला डिझेलशिवाय युरियाचं पाणीही लागणारी), चाळीस फुटी कंटेनर ओढणारा घोडा, म्हणजे ट्रेलरच्या पुढचं इंजिन-केबिनचं तोंड. न्हावाशेव्याहून माल भरून वाळूज एमआयडीसीला चालली होती. मालक नाशिकचे, मोजक्या गाड्या, स्वतः आधी स्टेअरिंगवर बसलेले. ड्रायव्हरला सगळेच मामा म्हणतात म्हणून मी पण मामाच लिहितो. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हा लोचा कुठल्याही मेकच्या बीएस-६ गाडीत होऊ शकतो आणि नाव लिहिलं की लोक म्हणतात "हां, त्यांच्या गाड्या तसल्याच" आणि पुढचं वाचतच नाहीत.

माझं काम ट्रकांचं वायरिंग आणि स्कॅनिंग. रोज फोन येतो, "भाऊ, पिवळी लाईट लागलीय, काय असेल?" आता नुसत्या पिवळ्या लाईटवरून मी काय सांगणार? पण या केसमध्ये मामांनी जे दिलं त्यावरून निम्मं निदान फोनवरच झालं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

मामांचे चार फोटो

या मालकांचा एक नियम मला फार आवडतो. डॅशवर कुठलीही लाईट लागली की गाडी नीट बाजूला घ्यायची आणि अख्ख्या मीटरचा फोटो काढायचा, नुसत्या त्या लाईटचा नाही, काटे किलोमीटर घड्याळ सगळं आलं पाहिजे, आणि व्हॉट्सअॅपवर टाकायचा. मामा सुरुवातीला कुरकुरायचे म्हणे, आता सवय झालीय.

पहिला फोटो पडघ्याच्या टोलच्या पुढचा, रात्रीचा. चेक इंजिनची पिवळी लाईट लागलेली, बाकी सगळं शांत. युरियाचा काटा अर्ध्याच्या जरा वर, हवेचे दोन्ही काटे साडेआठ-नऊ बारला, टेम्परेचर मधोमध. मालकांचा रिप्लाय : चालू द्या मामा, ती जुनीच आहे. म्हणजे ही लाईट त्या रात्री पहिल्यांदा लागलेली नव्हती, आधीचा ड्रायव्हर गाडी चालवत होता तेव्हापासून ती येत-जात होती आणि गाडी ओढतेय ना मग चालवा असं सगळ्यांचं चाललं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा फोटो शहापूर सोडल्यावरचा. आता चेक इंजिन तर आहेच, शिवाय युरियाची लाईट ब्लिंक मारतेय आणि युरियाचा काटा पार झीरोवर. तासाभरापूर्वी अर्ध्याच्या वर होता.

इथे जरा थांबून हिशोब करू. बीएस-६ गाडी साधारण शंभर लिटर डिझेलमागे तीन ते पाच लिटर युरिया खाते. लोड गाडी तीनचा अॅव्हरेज देते असं धरलं तर पडघा ते शहापूर या पंचवीस-तीस किलोमीटरला दहा लिटर डिझेल, म्हणजे युरिया फार तर अर्धा लिटर. तीस-पस्तीस लिटर युरिया गेला कुठे? टाकी फुटली असती तर खाली पांढरे ओघळ दिसले असते, मामांनी टॉर्च मारून बघितलं, कोरडं होतं. म्हणजे युरिया जागेवर आहे आणि काटा खोटं बोलतोय, एवढं तिथेच कळायला हवं होतं. पण रात्रीची वेळ, पुढे घाट, मालकांनी सांगितलं रिस्क नको, भरून घ्या. पुढे एका पंपावर मामांनी वीस-वीस लिटरच्या दोन बकेट घेतल्या. पहिली पूर्ण गेली. दुसरी अर्धी पण गेली नाही, तोंडातून उलटी बाहेर आली, टाकीवरून सगळं खाली. काटा तरीही झीरो!

मामांचं वाक्य मालकांनी मला जसंच्या तसं सांगितलं, "शेठ, टाकी वाहतीय आन् काटा म्हणतो रिकामी. काट्याचंच काहीतरी झालंय, युरियाचं नाय." चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, लॅपटॉप बिपटॉप काही नाही, पण निदान बरोबर. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही ही वेगळी गोष्ट.

तिसरा फोटो कसारा घाटातला. चढ लागला आणि गाडी एकदम मेली. मामा म्हणाले कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. डिस्प्लेवर पॉवर कमी केल्याचा मेसेज, चेक इंजिन, युरिया, आणि सोबत एक नवीनच लाईट, सायलेन्सरच्या चित्रावर थर्मामीटर. मालकांना सगळ्यात जास्त धडकी या शेवटच्या लाईटने भरली, आणि गंमत म्हणजे चौघींमध्ये तीच एक अशी होती की जिला काही झालेलं नव्हतं. डीपीएफमधली, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या जाळीतली, काजळी जाळायला एक्झॉस्ट तापवतात तेव्हा ती लागते, आत साडेपाचशे-सहाशे डिग्री होतं, लाईटचा अर्थ एवढाच की सायलेन्सर फार गरम आहे, सुक्या गवतावर किंवा कोणाच्या ताडपत्रीला चिकटून उभे राहू नका. बिघाड नाही, सूचना आहे.

घाटात मामांनी काय केलं ते महत्त्वाचं. आधी लाल काय काय आहे ते बघितलं. ऑइल प्रेशर लाल नाही, हवेची लाल नाही, काटे जागेवर, टेम्परेचर थोडं वर चढलेलं पण लालच्या बरंच खाली, चार्जिंगची लाल नाही, बझर नाही. एकही लाल नाही म्हणजे इंजिन किंवा ब्रेक आत्ता जाणार नाहीत, फक्त ताकद कमी झालीय. मग त्यांनी हॅझर्ड लावले, खालचा गिअर टाकला आणि डाव्या बाजूने रांगत रांगत घाट काढला. फोटोनंतर मध्ये कुठे थांबले नाहीत, इंजिन बंद केलं नाही. कसाऱ्यात लोड कंटेनर घेऊन वळणावर बंद पडलेली गाडी म्हणजे काय ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. आणि हीच लाईट जर ऑइलची लाल असती तर मामांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं असतं, मागे कितीही लाईन लागली तरी, कारण ऑइल प्रेशर नसताना इंजिन मिनिटाभरात सुद्धा बेअरिंग खातं. हवेची लाल असेल तर वेगळं, साधारण पाच बारच्या खाली हवा गेली की बझर वाजतो आणि अजून उतरली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप धरायला लागतात, तेव्हा ते धरायच्या आत चांगली जागा बघून थांबायचं.

चौथा फोटो घोटीच्या ढाब्यावरचा. युरियाचा काटा आता फुल!

जो तो डॉक्टर

सकाळी घोटीला एक मेकॅनिक आला, मोबाईलला जोडायचं छोटं स्कॅनर घेऊन. त्यात त्याला कोडच्या यादीत नॉक्सचा, म्हणजे धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूंचा, उल्लेख दिसला आणि त्याने सांगितलं नॉक्स सेन्सर गेला, बदलावा लागेल. वीस हजाराच्या पुढचा आकडा सांगितला. मालकांच्या ट्रान्सपोर्टवाल्या मित्राचं म्हणणं पडलं की युरिया भेसळीचा, टाकी पूर्ण काढून धुवा. अजून एकाने बॅटरीची टर्मिनल काढून अर्धा तास ठेवायला सांगितलं, सगळं रिसेट होतं म्हणून. आणि एक महाभाग असतोच, त्याने सांगितलं की डबी बसवून टाका, युरियाची कटकटच संपेल.

डबीवाल्याला उत्तर देण्यात अर्थ नाही, बेकायदा तर आहेच, आणि पुढे त्या गाडीचं खरं निदान कुणालाच करता येत नाही कारण डबी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दिवसभर थापा मारत बसते.

भेसळीचा संशय मात्र अगदीच खुळा नव्हता. ट्रकचा युरिया म्हणजे डीईएफ, त्यात ३२.५ टक्के टेक्निकल ग्रेडचा युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. शेतीचा युरिया आपल्याकडे २०१५ पासून नीम कोटेडच मिळतो, सबसिडीचा असतो, तो उचलून नळाच्या पाण्यात ढवळून ड्रममध्ये विकणारे आहेत. तो टाकला की निंबोळीचं तेल आणि पाण्यातले क्षार फिल्टरमध्ये आणि डोसरमध्ये, म्हणजे युरिया फवारणाऱ्या नोझलमध्ये, बसतात आणि मग खरंच हजारोंचं काम निघतं. त्यामुळे आधी युरिया तपासायचा हे बरोबर, पण तपासायचा, अंदाजाने टाकी धुवायची नाही.

बॅटरी काढायचा सल्ला सगळ्यात वाईट. एक तर असले कोड ईसीयूच्या कायमच्या मेमरीत असतात, बॅटरी काढून ते जात नाहीत, बिघाडाचे तास मोजणारा काउंटर पण जात नाही. आणि चावी बंद केल्यावर युरियाचा पंप लाईनमधला उरलेला युरिया उलटा ओढून टाकीत घेतो, त्याला एखाद-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात मेन स्विच पाडला की युरिया लाईनमध्येच राहतो, पाणी उडून जातं, आणि आत खडा तयार होतो. काही गाड्यांत यासाठी मेन स्विचजवळ वेगळी लाईट असते, ती विझेपर्यंत थांबायचं असतं. कोण थांबतंय?

लॅपटॉप लावल्यावर

मी फोनवर मालकांना एवढंच विचारलं की काटा झीरोवर गेला तेव्हा टेम्परेचर किंवा इतर कुठला काटा हलला होता का. फोटो बघितले, नव्हता. म्हणजे अख्ख्या गाडीची अर्थिंग किंवा चार्जिंग गेलेलं नव्हतं, नाहीतर बाकीचे काटेही नाचले असते आणि एबीएस, ब्रेक, सगळ्या लाईटी एकत्र पेटल्या असत्या. गडबड फक्त युरियाच्या टाकीपुरती. तरी घोटीला गेल्यावर पहिलं व्होल्टेज बघितलं, इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.८. चोवीस व्होल्टच्या गाडीला हे उत्तम.

मग युरिया. रिफ्रॅक्टोमीटर म्हणून छोटी दुर्बीण असते, काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून आत बघायचं, रेषा कुठे येते ते. ३२.५ च्या रेषेवर बरोब्बर. दोन बकेट भरायच्या आधीचा युरिया टाकीत होता तो आणि नवा मिसळलेला, तरीही बरोबर, म्हणजे दोन्ही चांगले. भेसळीचा विषय तिथेच संपला.

मग लॅपटॉप. आता ट्रकचे कोड कसे वाचायचे ते सांगतो कारण घोटीचा मेकॅनिक इथेच घसरला. ट्रकमध्ये कोडचे दोन भाग असतात, पहिला एसपीएन म्हणजे कुठला पार्ट किंवा कुठला सिग्नल, आणि दुसरा एफएमआय म्हणजे त्याला नेमकं काय झालंय. बहुतेक लोक पहिलाच वाचतात. पहिल्यावरून कुठे बघायचं ते कळतं, पण काय खर्च येणार ते दुसऱ्यावर ठरतं.

या गाडीत तीन अॅक्टिव्ह कोड होते. १७६१, म्हणजे युरियाच्या टाकीची लेव्हल. ३०३१, टाकीतल्या युरियाचं तापमान. आणि ३३६४, युरियाची क्वालिटी. तिन्हींच्या पुढे एफएमआय ९. युरिया खरंच पातळ असता तर ३३६४ च्या पुढे १८ किंवा १ आला असता, म्हणजे आकडा मिळतोय पण कमी मिळतोय. सेन्सरची साधी वायर शॉर्ट किंवा तुटलेली असती तर ३, ४ किंवा ५ यापैकी काहीतरी. ९ चा अर्थ असा की आकडाच येत नाहीये, सेन्सर जितक्या वेळा बोलायला पाहिजे तितक्या वेळा बोलत नाही, मध्येच गप्प बसतो. आणि लेव्हल, तापमान, क्वालिटी हे तिन्ही एकाच वेळी गप्प. आता हे तिन्ही येतात कुठून? टाकीच्या वर जे डोकं बसवलेलं असतं त्या एकाच युनिटमधून, एकाच कपलरमधून (वायरींचा जोड), चार वायरींवर : बॅटरी प्लस, अर्थ, आणि कॅनच्या, म्हणजे सेन्सर ईसीयूशी ज्यांवरून बोलतो त्या, दोन. तीन वेगळे सेन्सर एकाच रात्री एकाच मिनिटाला जात नाहीत. जाते ती त्यांची सामाईक वाट.

नॉक्सचा उल्लेख यादीत होता तो अॅक्टिव्ह नव्हता, जुना पडून असलेला होता. तरी लाईव्ह डेटा बघितला. गाडी अर्धा तास पळवून सायलेन्सर गरम केला, कारण नॉक्स सेन्सर थंड्या एक्झॉस्टमध्ये आकडा देतच नाहीत आणि ढाब्यावर आयडलला उभ्या गाडीत बघून ते गेले म्हणणं चुकीचं. गरम झाल्यावर एससीआरच्या (सायलेन्सरमधला युरियाने नॉक्स मारणारा भाग) आधीचा सेन्सर सहाशे-सातशे पीपीएम दाखवत होता, नंतरचा चाळीस-पन्नास. म्हणजे युरिया फवारला जातोय, त्याचा अमोनिया होतोय, अमोनिया नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करतोय, सगळी फॅक्टरी व्यवस्थित चालू. दोन्ही सेन्सर ठणठणीत. वीस हजार वाचले ते इथे.

कपलर उघडला

टाकीवरच्या कपलरवर पांढरा थर होता, मीठ जमल्यासारखा. लॉक काढून कपलर ओढला तर आतल्या पिनांवर पण तेच, आणि कपलरच्या तोंडाशी जे रबरी सील असतं ते जागेवर नव्हतंच. आधी कधीतरी टाकीचं काम झालं असणार आणि बसवताना सील तिथेच कुठेतरी पडलं. त्यात बकेटने युरिया भरायची पद्धत, नरसाळं लावून, घाईत, दर वेळी थोडा वर सांडतो आणि तो ओघळ बरोबर या कपलरवर येतो. त्या रात्री तर दुसरी अर्धी बकेट पूर्ण त्यावरच गेली.

मग घोटीला काटा फुल का दाखवत होता? सांडलेला युरिया सुकला, गाडी उभी, हादरे नाहीत, पिनांनी पुन्हा थोडा कॉन्टॅक्ट पकडला. घाटात हादऱ्यांनी सोडला होता. असल्या येऊन-जाऊन बिघाडात उभ्या गाडीला लॅपटॉप लावला की सगळं ओके दिसतं आणि गॅरेजवाला म्हणतो काही नाही हो, कोड खोडून दिलाय, जा. या गाडीचं आधी एकदा तसंच झालं होतं, मालकांना नंतर आठवलं.

आता मल्टिमीटर. कपलरच्या प्लस आणि अर्थमध्ये लावला, २४.६ व्होल्ट. एकदम मस्त. इथे नव्वद टक्के लोक थांबतात आणि म्हणतात सप्लाय येतोय, म्हणजे सेन्सर गेला. मी त्याच दोन पिनांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला आणि बल्ब लावलेला असतानाच परत मोजलं. ९ व्होल्ट. बल्ब नुसता लाल तार दाखवत होता. म्हणजे वायर आतून खाल्लेली, मल्टिमीटरला लागणारा चिमूटभर करंट जातो पण खरा लोड टाकला की वायर हात वर करते. अर्थ बदलून थेट चासीवर घेतला, बल्ब तसाच मंद. प्लस बदलला, बल्ब झगझगीत. दोष प्लसच्या वायरीत.

कॅनच्या दोन वायरी मेन स्विच पाडून ओहमला बघितल्या, ६० ओहम, दोन्ही टोकांचे १२०-१२० चे रेझिस्टर समांतर लागले की हाच आकडा यायला हवा. ती बाजू चांगली. (मेन स्विच पाडायच्या आधी मी दोन मिनिटं थांबलो, वर लिहिलंय तर पाळायला नको?)

प्लसच्या वायरीचं इन्सुलेशन चिरलं तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, कपलरपासून वीतभर मागेपर्यंत. युरियाची ही फार वाईट खोड आहे, तो तांब्याच्या बारीक तारांच्या मधून वर चढत जातो, इन्सुलेशनच्या आतून, बाहेरून वायर नवी कोरी दिसते. म्हणून नुसत्या पिना पुसून चालत नाही. पिना पुसल्या असत्या तर गाडी पंधरा दिवस चालली असती आणि परत कुठल्यातरी घाटात बसली असती.

काम असं केलं. पांढरा थर कोमट पाण्याने धुतला, युरिया पाण्यात लगेच विरघळतो, त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर आधी मारायची काही गरज नसते. हवेने पूर्ण सुकवला. चारही वायरी चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापल्या, नुसती हिरवी झालेली एक नाही, चारही, कारण बाकीच्या तीन त्याच वाटेवर होत्या. नवीन सीलवाला कपलर, जोड क्रिम्प करून वर गम असलेलं हीट श्रिंक, आणि हार्नेस असा बांधला की कपलरच्या आधी वायर एकदा खाली लोंबून मग वर येते, म्हणजे ओघळ आला तरी खालच्या वळणावरून गळून पडतो. सामान आणि मजुरी धरून मालकांचा खर्च दोन-अडीच हजारात बसला, शिवाय सांडलेली बकेट.

मग एवढ्याशा वायरीने गाडी का बसली?

मालकांचा हाच प्रश्न होता आणि जरा चिडूनच, "युरिया आहे, फवारतोय, धूर साफ, मग माझ्या गाडीची ताकद कमी करायचा यांना काय अधिकार?"

बीएस-६ एप्रिल २०२० पासून आलं, त्याची चौकट युरोपच्या युरो-६ चीच आहे. त्यात ड्रायव्हरला आधी लाईटने सांगायचं, नाही ऐकलं तर इंजिनचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, २५ टक्के कमी करायचा, तरीही नाही ऐकलं तर गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जाऊच द्यायची नाही, अशा पायऱ्या आहेत. किती वेळात कुठली पायरी ते बिघाडावर ठरतं. टाकीत युरिया दहा टक्क्यांच्या खाली गेला की लाईट, अडीच टक्क्यांच्या खाली गेला की टॉर्क कट. युरिया पातळ निघाला किंवा फवारणी बंद पडली तर १० इंजिन-तासांनी टॉर्क कट, २० ला रांगायला लावणं. आणि लक्ष ठेवणारा सेन्सरच गप्प झाला तर मुदत मोठी, ३६ तास आणि १०० तास, पण मुदत आहेच, कारण ईसीयूला कळत नाही की वायर कुजलीय का मालकाने मुद्दाम काढून ठेवलीय. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

आणि हे इंजिन-तास आहेत, किलोमीटर नाहीत. बंदराच्या रांगेत गाडी चालू ठेवून मामा किंवा आधीचा ड्रायव्हर चार तास झोपला तर ते चार तास पण मोजले गेले. बिघाड मध्ये गायब झाला की काउंटर थांबतो, पण लगेच शून्य होत नाही, परत आला की आधी होता तिथून पुढे चालू. म्हणजे "ती जुनीच आहे" म्हणून सोडलेल्या पिवळ्या लाईटने मागच्या फेऱ्यांमध्ये तासांचा साठा करून ठेवला होता, आणि छत्तीस भरायचा मुहूर्त नेमका कसाऱ्याच्या चढाला लागला. त्या रात्री लागलेला बिघाड त्या रात्रीचा नव्हता.

मालक शांत झाले. म्हणजे चिडलेलेच होते, पण आधीच्या ड्रायव्हरवर.

नंतर

दुरुस्ती झाल्यावर कोड खोडले, चावी बंद, दोन मिनिटं, परत चालू. चावी फिरवल्यावर सगळ्या लाईटी दोन-तीन सेकंद लागतात, तेव्हा मी प्रत्येक मोजतो आणि हे कुठल्याही ड्रायव्हरने रोज सकाळी करावं असं माझं मत आहे, कारण जुन्या गाडीत ऑइलची लाल लाईट चावी दिली तरी लागतच नसेल तर एक तर बल्ब किंवा वायर गेलीय, नाहीतर तिच्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारलीय किंवा मीटर खोललंय. इथे सगळ्या लागल्या, सगळ्या विझल्या, एक सोडून. युरियाचा काटा फुलवर गेला आणि मामांनी रिकाम्या रस्त्यावर खड्ड्यातून मुद्दाम दोनदा गाडी घातली तरी हलला नाही. टॉर्क परत आला. वाळूजला माल एक दिवस उशिरा पोचला, त्याचे पैसे पार्टीने कापले की नाही ते मला मालकांनी सांगितलं नाही.

मालकांनी सगळ्या गाड्यांसाठी पंपावरून नोझलनेच युरिया भरायचा हुकूम काढला, तो लांबच्या फेरीला कितपत पाळला जाईल शंकाच आहे, म्हणून बकेट घ्यावीच लागली तर लांब नळीचं नरसाळं आणि भरून झाल्यावर टाकीवर बाटलीभर साधं पाणी, एवढं तरी करा असं मी सांगितलंय. बाकीच्या गाड्यांचे कपलर पण उघडून बघितले, अजून एका गाडीत सील होतं पण पिना पांढरट पडायला लागल्या होत्या, ती वेळेवर सापडली. आणि व्हॉट्सअॅपवर आता फोटोला "चालू द्या" असा रिप्लाय येत नाही, लाईट कधी लागली त्याची तारीख आणि इंजिन-तास वहीत लिहितात.

जी एक लाईट विझली नाही ती ट्रेलरच्या एबीएसची. घोडा यांचा, पण ट्रेलर दुसऱ्याचा, भाड्याचा. त्याच्या मालकाला फोन लावला तर तो म्हणाला, "ती जुनीच आहे."